नाव जुळत नाही

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझे वडील जालन्यातल्या एका लहानशा छापखान्यात कामाला होते. वाकडी छापलेली, शाई फरफटलेली, उरलेली पत्रकं ते घरी आणायचे. मागची कोरी बाजू माझ्या गणितांना, आणि पुढच्या बाजूला 'जाहीर निषेध!', 'चलो तहसील!', 'हजारोंच्या संख्येने सामील व्हा!' उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी कळलं. अजूनही माझ्या लिहिण्यात ते जागोजागी उगवतं आणि मी ते खुडत बसते.

वडील सातवी शिकलेले. पण एक वाक्य त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. "अर्ज दिला की पोच घ्यायची. पोच न्हाई तर अर्ज दिलाच न्हाई." पोच म्हणजे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. आमच्या घरात देवाच्या फोटोमागे अशा पोचांची चळत असायची. बहुतेक अर्जांना उत्तर आलेलं नव्हतं. पण पोच होती.

पदवी झाली, नोकरी नव्हती, तेव्हा मी सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक झाले. मानधन नाही. शाळेतल्या शिक्षकांनी घरोघर फिरून निरक्षरांची यादी करायची, आमच्यासारख्यांनी त्यांना शिकवायचं, आणि मार्चमधल्या एका रविवारी त्यांची परीक्षा घ्यायची, अशी रचना. मला वर्ग मिळाला शहराबाहेरच्या एका बियाण्याच्या गोदामात. जालन्यात बियाण्याची गोदामं पावलोपावली. तिथे बायका बी चाळतात, निवडतात, पिशव्यांत भरतात, लेबल लावतात. चौदा बायका माझ्या यादीत होत्या. जेवणाच्या सुट्टीनंतरचा अर्धा तास मालकाने दिला होता.

मालक मारवाडी, तीन पिढ्यांपासून इथलेच. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, फक्त हिशेबाच्या आणि रागाच्या वेळी हिंदीत जायचे. अर्धा तास त्यांनी समाजसेवा म्हणून दिला नव्हता. एकदा एका वाणाच्या पिशव्यांवर दुसऱ्याच वाणाचं लेबल लागलं आणि अख्खी गाडी परत आली. तेव्हापासून त्यांचा नियम होता: लेबलच्या टेबलावर वाचता येणारीच बाई बसणार.

"देखो, माझा एकच शब्द," पहिल्या दिवशी ते सगळ्यांसमोर म्हणाले. "जी सर्टिफिकेट आणील तिला टेबल. तोंड बघून न्हाई."

त्या टेबलावर चाळणीवाल्या मावशीचा डोळा होता. पन्नाशीची बाई, अंगाने काटकी, मोठ्या चाळणीवर अकरा वर्षं उभी. बियाण्याला कीड लागू नये म्हणून औषध चोळतात, त्याचा लालसर धुरळा दिवसभर उडतो. मावशीला खोकला होता. डॉक्टरने तिला सांगितलं होतं, धूळ सोड, नाहीतर फुप्फुस सोडशील. लेबलचं टेबल गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी. तिथे धुरळा पोचत नव्हता. काम सोडणं तिला परवडणारं नव्हतं. टेबल बदलणं शक्य होतं, आणि त्याच्या आड एक कागद होता.

सरकारी पुस्तकाचा पहिला धडा घरातल्या वस्तूंचा होता. मी तो बाजूला ठेवला आणि फळ्यावर 'विष' लिहिलं. बी भरलेल्या प्रत्येक पिशवीवर तोच शब्द होता. बायका त्याला 'लाल शिक्का' म्हणायच्या.

"हे विष हाय व्हय?" एक जण म्हणाली. "अन् आम्ही त्याच हातानं भाकर खाऊन राह्यलो!"

"म्हणून तर मेली न्हाईस," मावशी म्हणाली. "सवय झाली तुला."

हसण्यात सुट्टी संपली. पण दुसऱ्या दिवशी नळावर हात धुवायला रांग लागली, आणि केंद्रप्रमुख साहेब वर्ग बघायला आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मॅडम, हा शब्द कोणत्या पाठात आहे?" केंद्रप्रमुख म्हणजे आठ-दहा शाळांवर देखरेख करणारा अधिकारी. मी म्हणाले, "पिशवीवर आहे." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, बायकांना डोक्यावर पदर घेऊन पुस्तकं उघडायला सांगितली, फोटो काढला आणि गेले. पुस्तक अकरा जणींनी सरळ धरलं होतं. तिघींनी उलटं.

हजेरीत मात्र एक गडबड होती. यादीतलं एक नाव मी रोज पुकारायची आणि कोणीच 'हजर' म्हणायचं नाही. दोन आठवडे मी त्या बाईची गैरहजेरी मांडली. आणि वर्गात डोकी मोजली तर रोज चौदा. एक बाई यादीत होती आणि वर्गात नव्हती, एक वर्गात होती आणि यादीत नव्हती. हे कोडं मला फार उशिरा सुटलं, याची लाज वाटते. पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला विचारलं होतं, "नाव सांगा," आणि जे सांगितलं ते पाटीवर लिहून दिलं होतं. मावशीने सांगितलेलं नाव तीन अक्षरी, शेवटच्या अक्षराला काना. यादीत आधारकार्डावरचं होतं: जोडाक्षराचं, ऱ्हस्व-दीर्घाचं, सासरचं.

"मावशी, हे नाव तुमचंच आहे ना?"

"आधारावर हाय ते."

"मग रोज 'हजर' का म्हणत नाही?"

"त्या नावानं मला कोण हाक मारतं? सासू मारायची, ती गेली. नवरा 'अगं' म्हणायचा, तोबी गेला. इथं मी मावशी. मला वाटलं, दुसरी कोणी असंल."

मग तिने ते नाव कसं मिळालं ते सांगितलं. तिचं माहेर राजूरजवळचं. लग्न लागल्यावर ताटात तांदूळ पसरले, त्यात अंगठीने नवीन नाव लिहायचं होतं. नवऱ्याला लिहिता येत नव्हतं. चौथी शिकलेल्या दिराने त्याचा हात धरून लिहिलं. ज्यांना वाचता आलं त्यांनी वाचलं, हसले, टाळ्या वाजवल्या. हिला वाचता येत नव्हतं. विचारायची लाज. दुसऱ्या दिवशी सासूने कोणालातरी पाण्याला हाक मारली. ही बसून राहिली. तिसऱ्या हाकेला जाऊ तिच्या पाठीत चापट मारून म्हणाली, "बहिरी हायेस का? तुला बोलावून राह्यल्या."

"अन् ते तांदूळ?" एकीने विचारलं.

"शिजवले की. भात करून खाल्ला सगळ्यांनी," मावशी म्हणाली. "मलाबी वाढला."

मी तिला सांगितलं की परीक्षेत आधारवरचं नाव लागेल, तेही शिकावं लागेल. ती म्हणाली, "शिकते की. पण आधी माझं. ते मंग."

मी 'बरं' म्हणाले. मला तिचं ते 'आधी माझं' आवडलं होतं. आता वाटतं, माझ्या आवडीची किंमत तिला मोजावी लागणार होती हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. आम्ही 'मंग'पर्यंत पोचलोच नाही. जोडाक्षरं मार्चनंतर येणार होती.

परीक्षेला मावशी इस्त्रीचं लुगडं नेसून आली. शाळेच्या बाकांत गुडघे मावत नव्हते. तिने आडवं बसून पेपर सोडवला. बेरीज आली, वजाबाकी आली, बसच्या पाटीचं चित्र होतं ते वाचता आलं, पाच ओळींचा उतारा बोट ठेवत वाचला. आणि पेपरच्या डोक्यावर 'परीक्षार्थीचे नाव' असं छापलेल्या चौकटीत तिने तीन अक्षरं लिहिली, शेवटच्याला काना, वर लांबलचक रेघ. रेघ चौकटीच्या बाहेर गेली.

सोमवारी केंद्रप्रमुखांचा फोन आला. मी त्यांच्या कार्यालयात गेले. टेबलावर पेपरांचे गठ्ठे, पोषण आहाराची रजिस्टरं, मतदार यादीचं काम. माणूस थकलेला होता, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी मावशीचा पेपर पुढे सरकवला.

"नाव जुळत नाही."

"तिचंच नाव आहे, सर. माहेरचं."

"पोर्टलला माहेर-सासर कळत नाही, मॅडम. पेपर चांगला आहे. बाई पास होतेय. मला तिला नापास करायचं नाही, म्हणून तर तुम्हाला बोलावलं." त्यांनी निळा पेन काढून पेपरावर ठेवला. "ही ओळ खोडा आणि खाली आधारवरचं लिहून टाका. अक्षर जरा वाकडं काढा."

मी पेनकडे बघत राहिले. साक्षरतेच्या परीक्षेत साक्षर बाईचं नाव खोडायचं, त्या जागी मी लिहायचं, आणि निरक्षरासारखं लिहायचं. यावर शिक्का बसणार होता: हिला लिहिता येतं.

"मी नाही लिहिणार."

"सगळीकडे लिहितात. तालुक्याचं उद्दिष्ट आहे, वरून रोज विचारणा आहे."

"सगळीकडे लिहितात, तर मग शिकवायचं कशाला? तुम्ही-आम्ही बसून सगळ्यांचे पेपर लिहू. एका दुपारी तालुका साक्षर होईल."

ते हसले नाहीत. "मॅडम, भाषण तुमचं होईल आणि टेबल तिचं जाईल. मालकाचा नियम मलाही माहीत आहे. उद्या चारपर्यंत वेळ आहे. तिला विचारून या."

हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं. घरी जाताना मी रागाने धुमसत होते, पण त्या रागाच्या तळाशी एक लहान, घाबरलेला विचार होता: खोकला माझ्या छातीत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मावशीला सगळं सांगितलं. एक ओळ, निळा पेन, चारची वेळ. काहीही लपवलं नाही. तिने भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"तू लिहिलंस तर सर्टिफिकेट येतं?"

"येतं."

"माझ्या नावाचं?"

"आधारवरच्या नावाचं."

"अन् ते तू लिवलेलं."

"हो."

ती खोकली. मग म्हणाली, "एकदा माझं नाव दुसऱ्यानं लिवलं, ते मला वाचता आलं न्हाई. आता वाचता येतंय तर म्हणं खोड. बिलकुल न्हाई. जा, सांग त्यांना."

"मावशी, टेबल—"

"टेबल मला पाहिजेल. मी कुठं न्हाई म्हणली? पण ह्या भावात न्हाई."

मी जाऊन सांगितलं. केंद्रप्रमुखांनी पेन खिशाला लावला आणि म्हणाले, "तुमच्यासारख्या स्वयंसेवकांमुळे कार्यक्रम मागे राहतो." मी काहीतरी उद्गारचिन्हाचं बोलले असेन, आता आठवत नाही.

निकाल शाळेच्या भिंतीवर लागला. या परीक्षेत 'नापास' लिहीत नाहीत, ते वाईट दिसतं. तेरा जणींच्या नावापुढे 'उत्तीर्ण' होतं. चौदाव्या नावापुढे, त्या जोडाक्षराच्या नावापुढे, 'सुधारणा आवश्यक'. मावशी भिंतीजवळ गेली, बोट ठेवून वाचलं. सु-धा-र-णा. 'आवश्यक'पाशी जोडाक्षरावर अडखळली, मागे वळून माझ्याकडे न बघता पुन्हा सुरुवात केली, आणि पार केलं.

"सुधारणा आवश्यक," ती म्हणाली. "कुणाची?"

मी घरी येऊन अर्ज लिहायला बसले. तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना, मावशीच्या वतीने. दोन पानं भरली. त्यात स्त्रीची ओळख होती, यंत्रणेची मग्रुरी होती, पाच मागण्या होत्या, शेवटी आंदोलनाचा इशारा होता. वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मावशीला वाचून दाखवला आणि सहीसाठी पेन दिला.

ती म्हणाली, "झकास हाय. पण हे मी लिवलं का?"

"तुमच्यासाठीच लिहिलंय."

"ते साहेबबी तेच म्हणत व्हते ना? माझ्यासाठीच लिव म्हणून." तिने कागद घडी घालून मला परत दिला. "मला येत न्हाई ते मी माझं म्हणून देणार न्हाई. वहीचं पान फाड एक."

इतकं चपखल मला त्याआधी कोणी हाणलं नव्हतं. पत्रकं वाचून मोठी झालेली मी, लोकांच्या वतीने बोलायची मला इतकी सवय होती की लोक समोर बसलेत हे दिसलंच नव्हतं. मी पान फाडलं.

तिला तीन दिवस लागले. रोज अर्धा तास. बाकीच्या बायका डोक्यावर उभ्या राहून सूचना करत होत्या, ती त्यांना हाकलत होती. शेवटी चार ओळी झाल्या:

'साहेब मी परिक्षा दिली. पेपर मी लिहीला. नाव पण मी लिहीले ते माझेच आहे. मला सुधारणा का सांगीतली ते लिहून दया.'

खाली तीन अक्षरं, काना, लांब रेघ. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला माझा हात शिवशिवला. मी तो मांडीखाली ठेवला. तिने तोच अर्ज दुसऱ्या पानावर पुन्हा लिहिला, कारण पोच घ्यायला दुसरी प्रत लागते, आणि झेरॉक्स चालते हे मी तिला सांगायला विसरले. खरं सांगायचं तर, विसरले नाही.

तालुक्याच्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावरच्या बाबूने कागद उलटसुलट करून पाहिला.

"हे काय? टाईप करून आणा."

मी तोंड उघडायच्या आधीच मावशी म्हणाली, "टाईप मला येत न्हाई. लिहिता येतं. पोच द्या."

"ठेवून जा, बघतो."

"पोच द्या."

"आजी, साहेब मीटिंगला गेलेत."

"पोच साहेब देत्यात का तुमी देताव?"

मागे रांगेत कोणीतरी हसलं. बाबूने आवक रजिस्टर ओढलं आणि अर्जावर बघून 'अर्जदाराचे नाव' या रकान्यात नाव उतरवून घेतलं. आधार मागितलं नाही, यादी पाहिली नाही, अर्जात होतं तेच लिहिलं. शिक्का मारला, सही केली.

मावशीला उलटं वाचता येत नव्हतं. ती टेबलाला वळसा घालून बाबूच्या खुर्चीमागे गेली, वाकली, रकान्यावर बोट ठेवलं आणि तिची तीन अक्षरं वाचली. सरकारी रजिस्टरात, सरकारी माणसाच्या हाताने, निळ्या शाईने.

"अहो, इकडे यायचं नसतं," बाबू म्हणाला.

"आले. चालले," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मावशीने चाळणी बंद केली आणि पोच घेऊन सरळ मालकाच्या गादीसमोर उभी राहिली. मी दारात होते, तिने आत यायला मनाई केली होती.

"शेठजी, सर्टिफिकेट न्हाई भेटलं. हे भेटलं."

मालकांनी चष्मा लावला. अर्ज वाचला, शिक्का बघितला.

"किसने लिखा?"

"म्या."

"ही मॅडम न्हाई?"

"तिनं लिवलेला दोन पानांचा हाय. तुमाला पायजेल तर देते, लई झकास हाय."

मालकांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाजूच्या ढिगातून एक लेबल उचलून तिच्यापुढे धरलं. "वाच."

तिने वाचलं. वाणाचं नाव, लॉट नंबर, वजन, आणि शेवटी लाल चौकटीतला आमचा पहिला शब्द. वेळ लागला. एका ठिकाणी चुकली, थांबली, मागे गेली. चाळणीपाशी बायका काम सोडून बघत होत्या आणि मुकादम त्यांना काही बोलत नव्हता.

"सर्टिफिकेट कशाला पाहिजे होतं मला?" मालक जणू स्वतःशीच म्हणाले. "वाचता येतं का बघायला. ते बघितलं. कल से टेबल पे."

यात मालकांचा मोठेपणा मी मांडत नाही. त्यांना वाचणारी बाई पाहिजे होती, समोर उभी होती, त्यांनी घेतली. एका व्यापाऱ्याला दोन मिनिटांत कळलं ते एका खात्याला कळू शकलं नाही, एवढंच मला लिहून ठेवायचं आहे.

दोन आठवड्यांनी माझा फोन वाजला. केंद्रप्रमुख होते, आवाज मऊ होता. वरून विचारणा झाली होती. आवक क्रमांक पडलेला अर्ज निकाली काढावा लागतो आणि 'का' याचं उत्तर लेखी द्यायचं, तर काय द्यायचं हे तिथे कोणाला सुचत नव्हतं. "त्यांचं काम तर झालंय ना, मॅडम? टेबल मिळालं म्हणे. मग अर्ज मागे घ्यायला सांगा. एक ओळ लिहून द्या, बस."

मी गोदामातच होते. खिडकीपाशी जाऊन फोन मावशीच्या हातात दिला. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा 'हां' म्हणाली. खोकला पूर्ण गेला नव्हता, पण त्या दिवशी ती न खोकता बोलली.

"टेबल शेठनं दिलं, साहेब. तुमच्याकडचं माझं नाव राह्यलंय." आणि मग, लेबलचा गठ्ठा सरळ करत, "भिंतीवर तुमीच लिवलं व्हतं ना, सुधारणा आवश्यक? मंग करा की."

तिने फोन मला परत दिला आणि पुढची पिशवी ओढली. अर्ज अजून मागे घेतलेला नाही.